सात किल्ले की रणगाडे?

माशाचा काटा आधी काढावा की सासऱ्यांना आधी उत्तर द्यावं, एवढाच काय तो प्रश्न होता. होशंगने आधी काटा काढायचं ठरवलं, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

काटा मोठा होता, हे होशंगच्या बाजूने सांगायलाच हवं. धुरावलेला मासा, मऊ भात, वर लसूण घातलेलं वांगं, असा बेत. सगळे मुकाट्याने जेवत होते. तेवढ्यात कर्नलसाहेबांनी, म्हणजे होशंगच्या सासऱ्यांनी (घरात त्यांना आगाजान म्हणतात), चमचा खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "तुम्हा दोघांना फार त्रास दिला मी. आता येत्या शुक्रवारी लाहिजानला घरी जावं म्हणतो."

आता आमच्या इराणातल्या रश्त शहरात असल्या वाक्याचं उत्तर ठरलेलं असतं. 'हे काय बोलता आगाजान! तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर!' असं यजमानाने म्हणायचं. पाहुण्याने पुन्हा 'नको, जातोच' म्हणायचं. यजमानाने पुन्हा डोळे आणि पावलं. तिसऱ्या खेपेला पाहुणा सुस्कारा सोडून 'तुम्ही काही ऐकायचे नाही' म्हणतो आणि भात वाढून घेतो. याला तारुफ म्हणतात. आमच्याकडे पोरं दात यायच्या आधी तारुफ शिकतात. होशंग तर यात इतका पक्का की दाराशी त्याची आणि शेजाऱ्याची गाठ पडली तर 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोघांना कामावर उशीर व्हायचा.

पण घशात काटा. होशंग खोकायला लागला. खोकताना मान वरखाली होते. सासरे बघत होते. काटा एकदाचा निघाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि काहीतरी आदबीचं बोलायलाच हवं या घाईत होशंगच्या तोंडून निघालं, "जशी आपली आज्ञा."

(वाक्य उत्तम आहे. याहून आदबशीर वाक्य आमच्या भाषेत नाही. फक्त वेळ चुकली.)

कर्नलसाहेबांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "बरं बेटा." आणि भात तसाच सोडून उठले.

स्वयंपाकघरात होशंगच्या बायकोने, माहरुखने, भांड्यांचा असा आवाज काढला की खालच्या मजल्यावरचे लोक जागे झाले असतील.

"जशी आपली आज्ञा? माझ्या बापाला घराबाहेर काढतोस?"

"अगं, काटा..."

"काट्याचं कौतुक मला सांगू नकोस! डॉक्टर काय म्हणाले होते? छातीचं दुखणं आहे, एकटं ठेवू नका. लाहिजानच्या घराचा जिना बघितलायस? आई गेल्यापासून त्या घरात रॉकेलची शेगडी पेटवायला कोणी नाही. तिथे काही झालं तर शेजाऱ्यांना तरी कळणार का?"

"मग आपण उद्या पुन्हा आग्रह करू."

"आता? आता केलेला आग्रह म्हणजे उगाच तोंडदेखलं. तू पहिल्याच फटक्यात हो म्हणालास. ते आता कशालाही थांबायचे नाहीत." असं म्हणून ती ओट्याला टेकून रडायला लागली.

सासऱ्यांना होशंग घाबरायचा, हे खरं. नगरपालिकेच्या पाणी खात्यात बारा साहेबांच्या हाताखाली काम केलेला माणूस घरात या एका माणसासमोर पायमोजेही न वाजवता चालायचा. पण त्याचे स्वतःचे वडील तो लहान असतानाच गेले होते, आणि रोज कामावरून आल्यावर 'जेवलास का?' असं विचारणारा पुरुष त्याच्या आयुष्यात हाच पहिला. त्याला ते हवे होते. आणि तोच त्यांना 'जशी आज्ञा' म्हणाला होता!

दुसऱ्या दिवशी माहरुखने बापापुढे हात जोडले. "तू फार मायाळू आहेस पोरी," एवढं बोलून त्यांनी शर्टांच्या घड्या घालायला घेतल्या. संपलं. आता मायेने काम होणार नव्हतं. ज्याला माया म्हणता येणार नाही असं काहीतरी कारण हवं होतं.

कारण होशंगला आंघोळ करताना सुचलं. सासूबाई गेल्यापासून कर्नलसाहेबांचा आवाज एकदाच चढला होता. होशंगच्या साडूकडे, शाहपूरकडे, सगळे जेवायला गेले होते. शाहपूर हा पोटावर बटण न लागणारा, बँकेत नोकरी करणारा माणूस. पण घरी आला की टीव्हीपुढे बसून व्हिडिओ गेमवर लढाया लढायचा. कर्नलसाहेब आधी लांबून बघत होते. मग खुर्ची पुढे आली. मग एकदम ओरडले, "गाढवा, डावी बाजू उघडी टाकलीस! तुझ्या हाताखाली माणसं दिली कुणी?" आणि जेवण गार होईपर्यंत हलले नाहीत. परत येताना गाडीत ते शीळ घालत होते. माहरुख मागच्या सीटवर आनंदाने डोळे पुसत होती.

"खेळाचं यंत्र ने की!" होशंगने जाऊन विचारताच शाहपूर म्हणाला. "आत्ता ने. बायको तसंही ते जिन्याखाली फेकणार आहे. पण माझी डिस्क मागू नकोस, तिच्यावर मुलीने चहाचा ग्लास ठेवलाय. आणि यंत्र म्हातारं आहे, त्याच्यावर जुनेच खेळ चालतात."

"कुठला घेऊ?"

"दोनच. लढाईही हवी आणि डोकंही हवं, तर दोनच. एक 'वाळवंटातले रणगाडे', दुसरा 'सात किल्ले'."

"त्यातला चांगला कुठला?"

"दोन्ही."

"शाहपूर, माझा संसार टांगणीला लागलाय!"

"बरं, ऐक. रणगाडे म्हणजे दणदणाट. धुरळा, स्फोट, हा पूल उडव, तो कालवा ओलांड."

"त्यांची छाती..."

"छाती, हो. आणि ते खऱ्या लढाईत रणगाड्यांवरच होते ना? दक्षिणेच्या आघाडीवर?"

होशंगच्या तोंडचं पाणी पळालं. आगाजान लढाईबद्दल कधी एक शब्द बोलत नसत. टीव्हीवर तोफ दिसली तरी उठून बागेत जायचे. त्यांच्यापुढे रणगाडा ठेवायचा? "मग किल्ले. किल्लेच बरे."

"उत्तम! शांत खेळ. दगड आण, भिंत बांध, धान्य भर, मग शत्रू आला की लढ. अख्खा हिवाळा पुरेल. फक्त..."

"फक्त काय?"

"दुसऱ्या किल्ल्यात राजाची राणी मरते."

होशंग मटकन खाली बसला. विधुर माणसाला राणी मेलेला खेळ द्यायचा?

"फार लवकर मरते रे," शाहपूरने धीर दिला. "नीट ओळखही झालेली नसते."

त्या दिवशी कार्यालयात होशंगने पाण्याच्या तक्रारीवर 'कालवा ओलांडावा' असा शेरा मारला आणि त्याबद्दल साहेबांकडून बोलणी खाल्ली. रणगाडे घ्यावेत तर म्हाताऱ्याच्या छातीत कळ येईल आणि आपण खुनी ठरू. किल्ले घ्यावेत तर राणी मरेल, ते रडतील, आणि शुक्रवारऐवजी गुरुवारीच लाहिजानला जातील. शेवटी हिशेब असा बसला की राणी एकदाच मरते, रणगाडे मात्र सारखे धडधडतात. किल्ले घ्यायचे ठरले. ठरल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने दुकानापर्यंत छत्रीही उघडली नाही. (आमच्याकडे पाऊस पडतच असतो, त्यामुळे ती गोष्ट कोणी मनावर घेतली नाही.)

जुन्या डिस्कांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. दुकानदार इस्कंदरने दोन्ही डब्या काउंटरवर ठेवल्या. "एक-एकच राहिलीय साहेब. जुना माल. पुन्हा येणार नाही."

होशंगचा हात किल्ल्यांकडे निघाला, आणि नेमका त्याच वेळी शेजारून आणखी एक हात आला. हात जाडजूड होता, मनगटाला ऑलिव्हच्या लोणच्याचा वास होता, आणि त्यामागे एक भरदार, घामाघूम गृहस्थ उभे होते.

"माफ करा! आधी तुम्ही!" गृहस्थ म्हणाले.

"छे छे! तुम्ही आधी आलात!"

"तुमच्या जिवाची शपथ, मी आत्ताच आलो. मी दर्याबेगी. ऑलिव्हचा धंदा होता, आता मुलगा बघतो. मलाही जुना खेळ घ्यायचा होता. पण तुमची निवड होऊ द्या, उरेल ते मी घेईन."

"उरलेलं तुम्ही घ्यायचं? माझी मान खाली जाईल! तुम्ही निवडा, राहील ते माझं."

इस्कंदरने स्टूल ओढून घेतलं आणि चहा मागवला. त्याला अनुभव होता.

"तुम्हाला कुठला आवडतो, एवढं तर सांगा," दर्याबेगी काकुळतीला येऊन म्हणाले.

'सात किल्ले' हे शब्द होशंगच्या जिभेच्या टोकावर होते. पण असं उघड मागायचं? परक्या माणसापुढे? उद्या हा म्हणेल, पाणी खात्यातला तो हावरा माणूस! "मला काय, दोन्ही सारखेच," होशंग म्हणाला, आणि हात चुकून रणगाड्यांच्या डबीवर टेकला. टेकायला दुसरी जागा नव्हती, म्हणून.

दर्याबेगींनी तो हात बघितला. त्यांचा चेहरा पडल्यासारखा झाला, पण लगेच त्यांनी हसून किल्ल्यांची डबी उचलली. "मग हा मी घेतो. मला हाच हवा होता!"

"मलाही हाच!" असं म्हणून होशंगने रणगाडे छातीशी धरले. दोघांनी एकमेकांना दारातून आधी जाण्याचा आग्रह केला, आणि पावसात आपापल्या वाटेने निघाले. कोपऱ्यावर आल्यावर होशंगने हातातल्या डबीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी त्याने यंत्र जोडलं. कर्नलसाहेब खुर्चीत ताठ बसले. पडद्यावर वाळवंट आलं, रणगाडा आला. होशंग पडद्याकडे बघतच नव्हता, तो सासऱ्यांच्या छातीकडे बघत होता. कर्नलसाहेबांनी हातात यंत्राची मूठ घेतली, दोन बटणं दाबली, एक गोळा उडाला, धडाम!

"फार सुंदर," ते म्हणाले. मूठ खाली ठेवली. "तुझे हात दुखू नयेत बेटा, एवढा खटाटोप केलास." असे आमच्याकडच्या रीतीने आभार मानून ते झोपायला गेले.

"फार सुंदर म्हणाले," होशंग माहरुखला म्हणाला.

"त्यांना आपल्या लग्नातला तुझा सूटही फार सुंदर वाटला होता," माहरुख म्हणाली. "म्हणजे नाही आवडला."

मिटलं! होशंग रात्रभर कूस बदलत राहिला. किल्लेच हवे होते. राणी मेली तर मेली!

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामावरून लवकर घरी आला. माहरुख शाळेत शिकवायला गेलेली. कर्नलसाहेब पलंगावर पालथे पडून घोरत होते, बूट काढायचेही राहिले होते. होशंगने हळूच यंत्रातून डिस्क काढली. डिस्क कोमट होती. दुसरा कोणी असता तर त्याने विचार केला असता की बंद यंत्रात डिस्क गरम कशी. होशंगनेही विचार केला, आणि हीटर फार जवळ आहे असं ठरवून तो थोडा लांब सरकवून ठेवला. मग डिस्क डबीत घातली आणि डबी खिशात टाकून तो चोरासारखा दुकानाकडे निघाला.

"ते दर्याबेगीही सकाळी येऊन गेले," इस्कंदर म्हणाला. "दुकानासमोर येरझाऱ्या घालत होते. काही बोलले नाहीत, पण तुमची चौकशी केली. 'ते गृहस्थ खूश आहेत ना?' म्हणाले. पत्ता ठेवून गेलेत."

होशंगच्या जिवात जीव आला. म्हणजे त्यालाही नको आहे! जायचं, डब्या बदलायच्या, परत यायचं. पाच मिनिटांचं काम.

(पाच मिनिटांचं काम! हे म्हणणारा माणूस रश्तमध्ये जन्माला आला, इथेच वाढला, हे लक्षात घ्या.)

दर्याबेगींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. पाव्हणा आत आला, चहा आला, साखरेचे खडे आले, अक्रोड आणि डाळिंब लावलेले ऑलिव्ह आले. दुसरा चहा आला. दर्याबेगींची बायको तूबा खानम कोपऱ्यात बसून वांगी सोलत होती.

"मग? रणगाडे कसे आहेत?" दर्याबेगींनी विचारलं.

"अप्रतिम," होशंग म्हणाला. "आणि तुमचे किल्ले?"

"त्याला तोड नाही."

"असं? म्हणजे अगदी... काहीच तक्रार नाही?"

"तक्रार? तुमच्या मोठेपणाने मिळालेल्या वस्तूबद्दल? तुमची काही तक्रार?"

"कशी असेल? तुम्ही त्याग करून दिलेली वस्तू!"

दोघेही चहाच्या ग्लासात बघत बसले. तिसरा चहा आला. खिडकीत अंधारायला लागलं होतं, आणि उद्या शुक्रवार होता. होशंगने तीनदा घसा साफ केला आणि तिन्ही वेळा ऑलिव्हचं कौतुक केलं.

ताटलीत वांगं आपटल्याचा आवाज झाला.

"अरे देवा, बास करा आता!" तूबा खानम म्हणाली. "अहो पाव्हणे, हा माणूस काल आल्यापासून कण्हतोय, 'मला रणगाडे हवे होते, मला रणगाडे हवे होते.' आयुष्यात यांनी भिंतीत खिळा ठोकला नाही, आता किल्ला बांधायचा म्हणून रडतात. तुमच्या खिशातून डबी बाहेर आलीये, मघापासून मला दिसतेय. द्या इकडे. हं, हे घ्या किल्ले. झालं? आता चहा गार करू नका."

दोघांनी खाली बघतच डब्या बदलल्या. होशंग रस्त्यावर आला तेव्हा अक्षरशः पळत सुटला.

घराचं दार उघडलं तर आगाजान यंत्रासमोर बसलेले. पडदा काळा. त्यांच्या अंगात लष्करी कोट, पायात बूट. माहरुख दारातच त्याच्या अंगावर धावून आली, पण तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"होशंग! कार्यालयात किती फोन केले, कुठे होतास? आगाजान जात नाहीत! सकाळपासून खेळत होते, मी शाळेतून आले तर मला म्हणाले, रणगाड्यातल्या पोरांना कालव्याच्या मध्यावर सोडून जाणं मला जमणार नाही. कालवा ओलांडेपर्यंत थांबतो म्हणाले! फक्त डिस्क कुठे दिसत नाहीये, तू साफ करायला घेतलीस का?"

हातातली सात किल्ल्यांची डबी होशंगने पाठीमागे लपवली, मग पुढे आणली, मग पुन्हा मागे नेली.

"मला वाटलं... ते फार सुंदर म्हणाले..."

"काय केलंस?"

"बदलून आणली."

कर्नलसाहेबांनी काळ्या पडद्याकडे एकदा बघितलं. मग उठले. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "तुझं घर, तुझी डिस्क. हेही सुंदरच असेल." आणि खोलीत जाऊन उरलेल्या शर्टांच्या घड्या घालायला लागले.

माहरुख ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्या हातातली डबी घेतली, खुर्चीवर ठेवली, आणि बापाची बॅग भरायला मदत करायला गेली.

"मी जाऊन परत मागतो!" होशंग तिच्यामागून म्हणाला.

"मागशील? तू?" ती वळून म्हणाली. "तू तिथे जाशील, चहा पिशील, आणि त्यांना सांगशील की डिस्क तुमच्याकडे फार शोभते."

आणि हे खरंच होतं. होशंगने मनात शंभरदा घोकून बघितलं. 'आज बदललेली वस्तू मला परत हवी आहे.' पण या वाक्याला आमच्या भाषेत कपडेच नाहीत. ते नागडंच घेऊन परक्याच्या दारात उभं राहायचं कसं?

शुक्रवारी सकाळी होशंग गाडी काढायला गेला. आगाजान पुढच्या सीटवर बसले. माहरुख शेजारणीकडून पाण्याचा लोटा घेऊन आली होती, प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी ओतायचं, म्हणजे माणूस परत येतो. ती इतकं पाणी ओतत होती की गल्लीत तळं साचलं.

गाडी चौकात आली. उजवीकडे लाहिजानचा रस्ता. होशंगने आरशात बघितलं, बायको अजून लोटा धरून उभी. त्याने शेजारी बघितलं. म्हातारा मांडीवर हात ठेवून बसलेला, ताठ, पण त्याची हनुवटी हलत होती. होशंगच्या घशात काहीतरी दाटून आलं (या वेळी काटा नव्हता), आणि त्याने गाडी डावीकडे वळवली.

"लाहिजानचा रस्ता हा नाही," कर्नलसाहेब म्हणाले.

"माहीत आहे," होशंग म्हणाला. सासऱ्यांना एवढं तोडून तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला. बोलता बोलता गिअर चुकला आणि गाडी हिसका देऊन पुढे गेली.

दर्याबेगींच्या दारात तो उभा राहिला. आतून रणगाड्यांची धडधड ऐकू येत होती. दार उघडलं. होशंगने सलामही केला नाही.

"दर्याबेगीसाहेब, आम्हाला ती डिस्क हवी आहे. परत हवी आहे. फार हवी आहे."

दर्याबेगी दोन पावलं मागे सरले. साठ वर्षांत त्यांच्या दारात येऊन कोणी इतकं सरळ काही मागितलं नव्हतं. ते घाबरून तूबा खानमला हाका मारायला लागले. तूबा खानम स्वयंपाकघरातून बाहेर आली, होशंगकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "शाब्बास! एवढ्या वर्षांत या घरात एक तरी माणूस धड बोलला."

"देतो, देतो, तुमच्यावरून जीव ओवाळीन," दर्याबेगी घाम पुसत म्हणाले. "फक्त एवढा कालवा... सकाळपासून चारदा बुडालोय हो. पूल उडतो आणि माझी सगळी पोरं पाण्यात जातात."

होशंगच्या मागून आवाज आला. "पुलावरून नेता?"

"हो, मग?"

"पुलावरून!" कर्नलसाहेब होशंगला बाजूला सारून आत शिरले. बुटांसकट. चिखलाच्या बुटांसकट, तूबा खानमच्या गालिच्यावरून! होशंगने डोळे मिटून घेतले. "शत्रूला माहीत असतं तुम्ही पुलावरून येणार. डावीकडे उथळ पाणी आहे, ते बघितलंत? द्या इकडे ती मूठ. आम्ही त्या वेळी पुलावरून गेलो असतो तर मी आज इथे बसलो नसतो. अर्धी पलटण वाचली ती उथळ पाण्यामुळे. काझिम नावाचा एक पोरगा होता, त्याला पोहता येत नव्हतं..."

आणि ते बोलत राहिले. कधी न बोललेलं, लढाईचं, काझिमचं, पाण्याचं. दर्याबेगी तोंड उघडं ठेवून ऐकत होते. होशंग उंबऱ्यावरच उभा होता, कारण त्याला आत या असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

कालवा ओलांडला तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली.

"जेवायला थांबा, कर्नलसाहेब," तूबा खानम म्हणाली.

"थांबतो," कर्नलसाहेब म्हणाले. पहिल्याच आग्रहाला! होशंगला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

संध्याकाळी घरी परत आल्यावर आगाजान दाराशी घुटमळले. कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "होशंग, पुढे नदी आहे, मग तेलाच्या टाक्या. त्या दर्याबेगीला एकट्याला जमायचं नाही. रोज लाहिजानहून ये-जा करणं या वयात मला झेपणार नाही. तेव्हा तुम्हाला आणखी थोडा त्रास..."

"राहा!" होशंग ओरडला. "राहा, राहा, राहा! जाऊच नका!"

"ओरडतोस कशाला? मी काही बहिरा नाही," कर्नलसाहेब म्हणाले, पण त्यांनी होशंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. "जेवलास का?"

माहरुख मात्र कुठे दिसेना. होशंगने आतल्या खोलीत डोकावलं. ती टीव्हीपुढे गालिच्यावर मांडी घालून बसली होती, केस सुटलेले, आणि पडद्यावर दुसऱ्या किल्ल्याची तटबंदी उभी राहत होती. बाप राहिला हे तिने तिथूनच ऐकलं, दोन हात वर करून देवाचे आभार मानले, आणि लगेच मूठ पुन्हा धरली.

होशंग तिच्यामागे जाऊन उभा राहिला. खरं सांगायचं तर त्यालाही पहिल्या दिवसापासून तो खेळ खेळायचा होता. दगड, भिंती, धान्याची कोठारं. एवढ्या धावपळीनंतर आपलाही एक किल्ला असावा असं माणसाला वाटणारच.

"राणी मेली का?" त्याने चाचरत विचारलं.

"मेली. बरं झालं, फार खर्चिक होती." मग मान न वळवता ती म्हणाली, "खेळायचंय का तुला? ये ना, बस. तुझाच खेळ आहे."

"नको नको," होशंग म्हणाला. "तू खेळ."

आणि दुसऱ्यांदा विचारेल म्हणून वाट बघत उभा राहिला.

बुरूज झाला. खंदक झाला. उत्तरेकडून शत्रू आला, त्याला तेल ओतून परत पाठवला. होशंगने एक पाय दुखायला लागला म्हणून दुसऱ्यावर भार दिला. मागून आगाजान आले, पडद्याकडे बघत खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "माहरुख, डावी बाजू सांभाळ. होशंग, नुसता उभाच आहेस तर चहा तरी ठेव."

"जशी आपली आज्ञा," होशंग म्हणाला.